घासाघीस न करणाऱ्या शैलाताई

शैलाताईंवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोललो तर ते राग असूनही बोललो, एवढं वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील.

रागाचं कारण साधं आहे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमची कंपनी आहे. आम्ही वेगवेगळ्या कौन्सिलांसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकांसाठी, सॉफ्टवेअर करतो. कुठल्या रस्त्यावर कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, घराबाहेर ठेवायचा, हे ते सॉफ्टवेअर लोकांना सांगतं. ऐकायला काम हलकं वाटेल. पण या देशातला माणूस सरकार बदललं तर नुसते खांदे उडवतो आणि बिनचा दिवस बदलला तर कौन्सिलला दोन पानी पत्र लिहितो. असल्या जोखमीच्या कामात मी सहा वर्षं काढली. कराडच्या बाजारात भांडी विकणाऱ्याचा मुलगा, डिप्लोमा करून, पुण्यात धक्के खाऊन इथवर आलेला. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला फारसं दिलेलं नाही. टीम लीडची जागा रिकामी झाली तेव्हा ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या रीडिंग गावातल्या चार मराठी घरांत तसं सांगूनही बसलो होतो. बायकोने श्रीखंड केलं होतं.

आणि सोमवारी सकाळी आमचा डायरेक्टर मार्टिन एका बाईंना घेऊन आला. वय पंचावन्नच्या आसपास, कापलेले पांढरे केस, निळं कार्डिगन, पायात डोंगर चढायला घालतात तसले बूट, खांद्याला कापडी पिशवी. "ही शैला," मार्टिन म्हणाला. "तुमची नवी लीड."

बाईंनी सगळ्यांशी हात मिळवले. माझं नाव ऐकल्यावर थांबल्या आणि भर ऑफिसात मराठीत म्हणाल्या, "दिलीप? तू मराठी आहेस? वा! माझा मराठी खूप वाईट आहे. हसू नको हं."

शैलाताईंचा जन्म ग्लासगोचा. वडील डॉक्टर, मिरजेहून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी होतं, पण ते ग्लासगोच्या पावसात भिजून आकसलेलं. चहा कधी ती व्हायची, खुर्ची कधी तो. शिवाय तिकडे छोट्याशा गोष्टीला 'वी' म्हणतात, ते त्यांच्या मराठीतही घुसलं होतं. "दिलीप, एक वी प्रश्न," असं त्या म्हणाल्या की मी खुर्ची घट्ट धरायचो. त्या वी प्रश्नात हत्ती मावायचा.

मी मनात ठेवून बसणारा माणूस नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना किचनमध्ये गाठलं आणि म्हणालो, "शैलाताई, स्पष्टच बोलतो. ही खुर्ची माझी होती."

"माहीत आहे," त्या केटलमध्ये पाणी भरत म्हणाल्या. "इंटरव्ह्यूमध्येच सांगितला त्यांनी. म्हणाले, एक माणूस तुझ्यावर खूप रागावेल. मी इकडे दोन वर्षं आहे, जास्त नाही. नंतर तुला हवी असेल तर घे."

मला ऐकून गुदगुल्या झाल्या, पण फुकट मिळणाऱ्या मालावर माझा विश्वास नाही. "बदल्यात काय?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "मी जाताना टीममध्ये सगळ्यांना विचारणार, लीड कोण पाहिजे. तू सोडून एका माणसाने तुझा नाव घेतला, तर तुझी. एक."

टीममध्ये माझ्याशिवाय चौघे होते. चारांत एक! इतका स्वस्त सौदा मी कराडच्या बाजारातही पाहिला नव्हता. मी लगेच हात पुढे केला. त्यांनीही ओल्या हाताने तो धरला.

पुढचे काही महिने मी त्या एका नावाची निश्चिती करत होतो. गॅरेथ नावाचा आमचा एक जुना वेल्श सहकारी आहे, हळू बोलणारा, त्याहून हळू टाइप करणारा. त्याच्या रग्बीच्या गोष्टी मी तोंड मिटून ऐकल्या. हेलनला, जी टीममध्ये सगळ्यात कमी बोलायची, मी दोनदा 'छान कोड' म्हणालो. बाकी दोघांना दिवाळीला चकल्या दिल्या. यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

शैलाताई मात्र काय करतात ते मला कळेना. कोड त्या जवळजवळ लिहीत नव्हत्या. रोज सकाळी अर्धा तास ट्रे घेऊन सगळ्यांना चहा देत फिरायच्या. चहा इतका वाईट, की गॅरेथ तो खिडकीतल्या कुंडीला पाजायचा. पण त्या प्रत्येकाच्या टेबलाशी थांबायच्या आणि कामाचं काही विचारायच्या नाहीत. "आज दोन साखर? काय झाला?" एवढंच. आणि माणसं भडाभडा बोलायची. मीटिंगमध्ये दाराजवळच्या मोडक्या खुर्चीत बसायच्या. नोंदी करायच्या त्या वडिलांच्या पत्रांच्या रिकाम्या पाकिटांवर. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायच्या, अगदी सगळ्यांना घाम फुटेपर्यंत.

आणि एक विचित्र सवय. "कसं चाललंय?" विचारल्यावर कोणी "ऑल गुड" म्हणाला, की त्या त्याच्याकडे बघायच्याच नाहीत, त्याच्या शेजारच्याकडे बघायच्या. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "डॅडी सांगायचे. पेशंट म्हणाला मी बरा आहे, की त्याच्या बायकोकडे बघ."

पण मला पहिल्यांदा चीत केलं ते वेगळ्याच डावाने.

आमच्या धंद्यात कामाला किती दिवस लागतील ते आधी सांगावं लागतं. हा शुद्ध भाजीबाजार आहे. मी एका आठवड्याच्या कामाला तीन सांगायचो. मार्टिन कपाळाला हात लावून दीड म्हणायचा. मी छातीला हात लावून दीड मान्य करायचो, एकात संपवायचो आणि अर्धा आठवडा सुखात काढायचो. दोघेही आपण जिंकलो समजायचो. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं.

बिन उचलला नाही तर तक्रार कुठे करायची, त्याचं पान करायचं होतं. शैलाताईंनी विचारलं, "किती?"

"तीन आठवडे," मी सवयीने म्हणालो आणि पुढच्या वाराची वाट बघत उभा राहिलो.

"बरं. तीन," त्या म्हणाल्या आणि पाकिटावर लिहून घेतलं.

मी तिथेच उभा. गिऱ्हाईक भाव न करता माल उचलून गेलं तर दुकानदाराला आनंद होत नाही. त्याला वाटतं, आपण भाव कमी सांगितला, नाहीतर गिऱ्हाईक वेडं आहे. मी ते काम सातव्या दिवशी संपवलं आणि शाबासकी घ्यायला गेलो.

"दिलीप, एक वी प्रश्न," त्या म्हणाल्या. "तू तीन म्हणालास, म्हणून मी कौन्सिलला तीन सांगितला. तोपर्यंत फोन घ्यायला त्यांनी एक एक्स्ट्रा बाई ठेवली, तीन आठवडे. आता त्यांना काय सांगू?"

"सांगा, लवकर झालं. खूश होतील."

"बरं. चल, दोघं जाऊन सांगू."

कौन्सिलच्या फोन रूममध्ये शैलाताईंच्या सांगण्यावरून मी दुपारभर कानाला हेडफोन लावून बसलो आणि बिनवरून माणसं काय काय बोलू शकतात ते ऐकलं. माझ्या शेजारी ती एजन्सीची बाई होती, साठीची, गोड आवाजाची. संध्याकाळी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून यायला नको, पान लवकर तयार झालं. तिने चहाचा मग, चष्मा आणि नातवाचा फोटो पिशवीत घातला. मी पडेल चेहऱ्याने सॉरी म्हणालो, तर माझ्याच दंडावर थोपटत म्हणाली, "असू दे रे. कोणीतरी पटकन काम केलं, चांगलंच झालं ना."

परत येताना गाडीत शैलाताईंनी नुसता रेडिओ लावला. हेच त्यांचं वाईट. रागावल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो.

पुढचं काम आलं तेव्हा मी म्हणालो, "नऊ दिवस." आणि लाज सोडून जोडलं, "खरे."

"बरं. नऊ," त्या म्हणाल्या.

यानंतर आली हॅम्पशरची, म्हणजे आमच्याच जिल्ह्याची, भानगड. सुट्टीच्या दिवशी कचऱ्याच्या गाड्या येत नाहीत, म्हणून त्या आठवड्याचे सगळे बिन एक दिवस पुढे सरकतात. नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी मी सॉफ्टवेअरमध्ये घातली. यादी अचूक होती, फक्त स्कॉटलंडची होती. तिकडे दोन जानेवारीलाही सुट्टी असते, इकडे नसते. हॅम्पशरमधल्या एका अख्ख्या गावाला आम्ही कळवलं की तुमचे बिन एक दिवस उशिरा ठेवा. गाड्या ठरल्या दिवशी आल्या, रिकाम्या रस्त्यांवरून फिरल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी लोकांनी बिन बाहेर ठेवले. नाताळाचा कचरा, टर्कीची हाडं, रंगीत कागद. मग कोल्हे आले, वारा सुटला, आणि ते गाव दोन दिवस लग्नघरासारखं दिसत होतं.

कौन्सिलच्या साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे आणि मार्टिन हजर. मी तयारीत होतो: यादी मी घातली असली तरी तपासली गॅरेथने होती. तोंड उघडणार, इतक्यात साहेब कडाडले, "हॅम्पशर स्कॉटलंडमध्ये आहे, हा शोध तुमच्यातल्या कोणाचा?"

"मी ग्लासगोची आहे," शैलाताई शांतपणे म्हणाल्या. "हॅम्पशर ताब्यात घ्यायचा आमचा विचार फार जुना आहे."

मार्टिनने डोळे मिटले. मग पलीकडून साहेबांचं हसू फुटलं. ते थांबायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "चूक आमची. टीमची लीड मी, म्हणजे माझी. गाड्या परत कधी निघू शकतील? लोकांना निरोप आम्ही तासाभरात पाठवतो."

कॉल संपल्यावर त्यांनी मला काय घडलं ते लिहून द्यायला सांगितलं. मी अकरा पानं लिहिली. गॅरेथचं नाव दर पानावर दोनदा तरी होतं. शैलाताईंनी पेन्सिल घेतली, सगळी नावं खोडली आणि पानं परत दिली. "आता वाच. काय उरला?"

मी वाचलं. मोठमोठ्या वाक्यांची नुसती हाडं उरली होती. कामाची ओळ एकच: सुट्ट्यांची यादी बदलली की ती कोणी मोठ्याने वाचून बघत नाही.

"हा तुझा चूक नाही, गॅरेथचा पण नाही," त्या म्हणाल्या. "हा आपला चूक आहे. आणि आपला चूक दुरुस्त होतो. तुझा एकट्याचा असता तर तू फक्त लपवला असता."

मला हे झोंबलं, कारण खरं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सुट्ट्यांची यादी दोघे मिळून मोठ्याने वाचतात. कीर्तनासारखं दिसतं, पण हॅम्पशर जागच्या जागी आहे.

आता कोणी म्हणेल, बाई थोर होत्या. थांबा. त्यांना अजिबात न जमणारी एक गोष्ट होती, आणि ती मला चांगली जमते.

दुसऱ्या वर्षी त्यांचे वडील घरात पडले. त्या दोन आठवडे ग्लासगोला गेल्या. जाताना म्हणाल्या, "दिलीप, तू बघ." अखेर! मी पहिल्याच दिवशी चहाचा ट्रे कपाटात टाकला. अर्धा तास वाचला. मोठा बोर्ड लावला, प्रत्येकाचं काम त्यावर, झालेलं हिरव्या रंगात. बोर्ड भराभर हिरवा होत गेला. मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, "सगळं ठीक?"

"ऑल गुड," हेलन म्हणाली.

आणि माझी नजर, शपथेवर सांगतो माझी इच्छा नसताना, तिच्या शेजारच्या गॅरेथकडे गेली. गॅरेथ आपल्या बुटांकडे बघत होता.

मीटिंग संपल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "बोल."

"मी सांगितलं असं म्हणू नकोस," तो पुटपुटला. "तिने राजीनामा लिहून ठेवलाय. मुलीची शाळा सव्वातीनला सुटते. मार्टिन तिला साडेपाचपर्यंत सोडत नाही. शैलाने विचारलं होतं, दोनदा. तो नाही म्हणाला."

माझं डोकं तडकलं. खरं सांगतो, दयेने नाही. हेलनचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि माझ्या हिरव्या बोर्डाच्या मधोमध भोक पडणार होतं. मी तसाच मार्टिनच्या खोलीत शिरलो. पण भांड्यांच्या दुकानात वाढलेला माणूस कितीही तापला तरी पहिली किंमत थंड डोक्याने सांगतो.

"मार्टिन," मी म्हणालो, "माझ्या अख्ख्या टीमला आठवड्याचे चार दिवस घरून काम करायचंय."

मार्टिन पांढराफटक पडला. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. मी प्रत्येक पायरी रडत उतरलो. शेवटी हताश होऊन दारापर्यंत गेलो, वळलो आणि म्हणालो, "बरं, ते सगळं राहू दे, निदान एक गोष्ट कर. हेलनला रोज तीनला जाऊ दे, उरलेलं ती घरून करील." मार्टिनने सुटकेचा श्वास टाकला आणि माझा हात दाबला. आपण काय वाचवलं, या आनंदात तो दिवसभर शीळ घालत होता.

हेलनला मी एवढंच सांगितलं, "तीनला निघत जा. आणि तो कागद फाड." तिने मान हलवली आणि स्क्रीनकडे वळली. मला वाटलं, आभाराचा एक शब्द नाही. तीही नोंद मी रागाच्या खात्यात करून ठेवली.

शैलाताई परत आल्यावर त्यांना गॅरेथकडून सगळं कळलं. माझ्या टेबलाशी आल्या. "मला जमला नाही," त्या म्हणाल्या. "तो नाही म्हणाला, मी बरं म्हणाले. दोन वेळा. मला वाटायचा, खरं सांगितला की माणूस ऐकतो. कधी कधी भांडावा लागतो, नाही?"

"लागतो," मी म्हणालो. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच त्यांचं जायचं ठरलं. वडिलांना आता एकटं ठेवण्यासारखं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आम्हा पाचही जणांना एकेक कोरी चिठ्ठी दिली. "लीड कोण पाहिजे, लिहा. स्वतःचा नाव नको. फक्त मी वाचणार."

मी चिठ्ठी घेऊन बसलो. सही करायची नव्हती. मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्वतःचंच नाव लिहिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. चारांत एक, आणि वर ही हक्काची खबरदारी. पेन टेकवलं. पण डोक्यात भलताच प्रश्न आला: उद्या पुन्हा एखादं गाव कचऱ्यात गेलं, तर त्या कॉलवर माझ्या बाजूने कोणी बसावं? कोण आरडाओरडा करणार नाही, खोटं बोलणार नाही आणि पहिल्या मिनिटाला गाड्यांचं विचारील? गेले काही महिने तीनला निघणारी हेलन साडेआठला सगळ्यांच्या आधी येत होती, आणि अडलेला प्रत्येक जण, मी धरून, मुकाट्याने तिच्या टेबलाशी जात होता. मी लिहिलं: हेलन. लिहिल्यावर स्वतःचा इतका संताप आला, की जेवलो नाही.

शुक्रवारी दुपारी मार्टिनने जाहीर केलं, नवी लीड हेलन. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग जिना उतरून थेट पार्किंगमध्ये गेलो. शैलाताई गाडीत पिशव्या कोंबत होत्या.

"शैलाताई, आपली बोली झाली होती. एक नाव."

"हो."

"आलं का?"

"आला. एक."

माझे पाय जमिनीवर राहिनात. "मग खुर्ची माझी!"

"हो. बोली म्हणजे बोली." त्यांनी खिशातून फोन काढला. "बाकी सगळ्यांनी हेलन लिहिला, म्हणून मी तिचा नाव दिला. पण तू म्हणशील तर मार्टिनला आत्ता सांगते. हवी?"

भाव माझा, माल समोर, गिऱ्हाईक राजी. आयुष्यात असा क्षण मी सोडला नव्हता. फोन त्यांच्या हातात तसाच. त्या घाई करेनात. त्यांना थांबता येतं, हे सांगितलंच आहे.

"हेलन काय म्हणाली?" मी विचारलं.

"घाबरली. मग जिन्यात जाऊन आईला फोन केली."

"राहू दे," मी म्हणालो. "सध्या."

"बरं. सध्या." फोन खिशात गेला.

"पण नाव कोणी लिहिलं, ते सांगा. गॅरेथ ना?"

"चिठ्ठी प्रायव्हेट असते, दिलीप. आणि तू आता कोणाशी कसा वागशील, मला माहीत आहे." त्या हसल्या, माझ्या गालावर आईसारखा हात ठेवला आणि गाडीत बसल्या. मी तिथेच उभा राहिलो. पार्कच्या तोंडाशी मोठा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आहे, मोटरवेचा रस्ता त्यातून तिसरा फुटतो. तो त्या चुकल्या. गाडी पूर्ण गोल फिरून पुन्हा माझ्यासमोरून जायला लागली, तेव्हा खिडकीची काच खाली आली आणि पांढरे केस वाऱ्यावर उडवत त्या ओरडल्या,

"हेलननी लिहिला! तुझा नाव! हेलननी!"

मी हात वर केला. मागच्या व्हॅनने हॉर्न मारला, आणि त्यांची गाडी या वेळी बरोबर तिसऱ्या रस्त्याला लागली.